थायलंडमध्ये राहायला आलात? ९० दिवसांचा रिपोर्ट कधी, कुठे, कसा करायचा

नोकरीसाठी, शिकायला, किंवा नवरा-बायकोच्या मागे डिपेंडंट म्हणून जे कोणी नवीन थायलंडला येतात त्यांना पहिल्या दोन महिन्यांत सगळे एकच विचारतात, व्हिसा झाला का, वर्क परमिट झालं का. ते झालं की घरचे पण निवांत आणि आपण पण. ९० दिवसांच्या रिपोर्टचं नाव मात्र बऱ्याच जणांच्या कानावर तेव्हाच पडतं जेव्हा कोणीतरी जेवताना सहज म्हणतं, "अगं तुझा नाईंटी डे झाला ना?" आणि मग समोरच्याचा घास हातातच राहतो. कंपनीचा एचआर व्हिसाचं आणि वर्क परमिटचं बघतो कारण त्यात कंपनीची मान अडकलेली असते, पण हा रिपोर्ट कायद्याने तुमच्या स्वतःच्या डोक्यावर आहे, काही कंपन्या करून देतात, बऱ्याच देत नाहीत, आणि डिपेंडंट लोकांचं तर कोणीच बघत नाही. आमच्या घरातले सगळ्यांचे कागद मीच सांभाळते त्यामुळे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हेच परत परत सांगत असते, म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

आधी हे काय आहे ते समजून घ्या

थायलंडचा इमिग्रेशन कायदा १९७९ चा आहे, त्यांच्या बौद्ध सालात २५२२. त्यातलं कलम ३७ असं सांगतं की तात्पुरत्या परवानगीवर राहणारा परदेशी माणूस सलग ९० दिवसांपेक्षा जास्त राहिला तर तो कुठे राहतो हे त्याने इमिग्रेशनला कळवायचं, आणि नंतर दर ९० दिवसांनी परत कळवत राहायचं. बस, एवढंच. फक्त पत्ता कळवणं. फी शून्य. फॉर्मचं नाव टीएम ४७.

यात लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात तो इथे, की रिपोर्ट केला म्हणजे ९० दिवस मुदत वाढली. नाही हो. लाइट बिल वेळेवर भरलं म्हणून भाड्याचं घर आपलं होत नाही तसंच आहे हे. रिपोर्टच्या पावतीवर पुढची तारीख जुलैची असली आणि पासपोर्टातला राहायचा शिक्का मेमध्ये संपत असला तर तुम्हाला मेमध्येच एकतर एक्स्टेन्शन घ्यायचंय नाहीतर देश सोडायचाय. पावतीवरची तारीख दाखवून कोणी सोडत नाही.

उलटंही खरंय. एक वर्षाचं एक्स्टेन्शन मिळालं म्हणून वर्षभर गप्प बसायचं नसतं, त्या वर्षात पण दर ९० दिवसांनी रिपोर्ट चालूच.

म्हणून पहिल्याच दिवशी कागदावर किंवा फोनमध्ये या तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा: राहायच्या परवानगीची शेवटची तारीख (ही पासपोर्टातल्या शिक्क्यावर असते, व्हिसावर छापलेली तारीख वेगळी, ती फक्त कधीपर्यंत आत येता येईल ते सांगते), ९० दिवसांची तारीख, री-एंट्री परमिट (मुदत न गमावता बाहेर जाऊन परत यायची परवानगी) असेल तर त्याची, आणि पासपोर्ट संपायची. शेवटच्याला हसू नका, पासपोर्ट जिथे संपतो त्याच्या पुढचं एक्स्टेन्शन इमिग्रेशन देत नाही, त्यामुळे आठ महिन्यांचा पासपोर्ट शिल्लक असेल तर वर्षाचं एक्स्टेन्शन पण आठच महिन्यांचं होतं.

कोणाला करावा लागतो

नॉन-इमिग्रंट बी म्हणजे नोकरीवाले, नॉन-इमिग्रंट ओ म्हणजे त्यांच्यासोबत आलेले नवरा-बायको, ईडी म्हणजे विद्यार्थी (पथुम थानीला एआयटीत, म्हणजे एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, शिकायला आलेली पोरं पण यात आली), रिटायरमेंटवाले, सगळ्यांना. जुलै २०२४ पासून तो नवीन डीटीव्ही व्हिसा आलाय, लॅपटॉप घेऊन कुठूनही काम करणाऱ्यांचा, त्यात एका एंट्रीवर १८० दिवस मिळतात आणि पुण्या-मुंबईचे आयटीवाले खुशाल धरून बसतात की सहा महिने काहीच करायचं नाही. १८० दिवसांच्या मधोमध ९० येतात राव. सलग राहिलात तर रिपोर्ट करायचाच.

यातून सुटलेले थोडे आहेत. २०२२ च्या सप्टेंबरपासून मिळणारा दहा वर्षांचा एलटीआर व्हिसा ज्यांच्याकडे आहे त्यांना ९० दिवसांऐवजी वर्षातून एकदा कळवायचं असतं, स्मार्ट व्हिसावाल्यांना पण वर्षातून एकदाच, आणि परमनंट रेसिडेन्सी मिळालेल्यांना ही भानगडच नाही. महिना-दीड महिना फिरायला आलेल्या आई-बाबांना पण हा रिपोर्ट नाही, कारण ते ९० दिवस राहतच नाहीत, पण त्यांच्यासाठी दुसरा एक कागद आहे, तो खाली सांगते.

घरातल्या प्रत्येक पासपोर्टाचा हिशोब वेगळा धरा. नवरा ऑफिसच्या कामासाठी सिंगापूरला जाऊन आला की त्याची तारीख बदलते, तुमची तीच राहते. दोघांचं एकत्रच असतं असं धरून चालणारे हमखास अडकतात.

दिवस कसे मोजायचे

ज्या दिवशी थायलंडमध्ये शिक्का बसला तो दिवस पहिला. तिथून नव्वदावा दिवस ही तुमची तारीख. तीन महिने नाही, ९० दिवस. १ जुलैला आलात तर तीन महिने म्हणजे १ ऑक्टोबर वाटतं पण नव्वदावा दिवस २८ सप्टेंबरलाच येतो.

या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत ऑफिसात जाऊन रिपोर्ट करता येतो. ऑनलाइन करायचा असेल तर तारखेच्या १५ दिवस आधी ते ७ दिवस आधी या खिडकीत करून टाका, नंतरचे ७ दिवस ऑनलाइनच्या भरवशावर ठेवू नका.

आता खरं उदाहरण घेऊ म्हणजे गंमत कळेल. समजा कोणी १० जानेवारी २०२६ ला आलं. नव्वदावा दिवस ९ एप्रिल, गुरुवार. १५ दिवस आधी म्हणजे २५ मार्चपासून करता येतो, ऑनलाइन २ एप्रिलपर्यंत, आणि ऑफिसात जाऊन शेवटची मुदत १६ एप्रिल. कागदावर नंतरचा अख्खा आठवडा हातात दिसतो. पण कॅलेंडर उघडा: १० ला शुक्रवार, ११-१२ शनिवार-रविवार, १३ ते १५ सोंक्रान. सोंक्रान म्हणजे थाई नववर्ष, अख्खा देश पाण्याच्या पिचकाऱ्या घेऊन रस्त्यावर असतो आणि सरकारी ऑफिसं बंद. म्हणजे त्या सात दिवसांतले कामाचे दिवस उरले दोन, १० तारीख आणि १६ तारीख, आणि १६ ला तुमच्यासारखेच सगळे तिथे येणार. त्याच्या आधी ६ एप्रिलला चक्री दिनाची सुट्टी असते ती वेगळीच. डिसेंबरात पण असंच, ५ आणि १० तारखेला सुट्टी आणि मग ३१ पासून नवीन वर्ष. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, खिडकी उघडते त्या दिवसाचा रिमाइंडर लावायचा, शेवटच्या तारखेचा नाही. आणि त्यांनी नंतर दिलेले सात दिवस आजारपणासाठी, फ्लाइट लेट होण्यासाठी राखून ठेवायचे, त्यावर प्लॅन करायचा नाही.

एकदा रिपोर्ट झाला की पुढची तारीख स्वतः मोजत बसू नका. पावतीवर पुढची तारीख छापलेली असते, तीच खरी, तिचा लगेच फोटो काढा.

देश सोडून परत आलात तर? मोजणी परत एकपासून सुरू. म्हणून गणपतीला घरी जाऊन आलात, दिवाळीला परत गेलात, मध्ये कोणाचं लग्न, असं दर दोन महिन्यांनी मुंबई-बँकॉक करणाऱ्याला हा रिपोर्ट आयुष्यात करावा लागत नाही. पासपोर्टात जुनी पावती स्टेपल केलेली असेल तरी तिच्यावरची तारीख तुम्ही बाहेर गेलात तेव्हाच बाद झाली, नवीन शिक्क्यापासून मोजा.

रिपोर्टच्या आधीचा कागद, टीएम ३०

हा भाग नीट वाचा कारण इथेच गाडी अडते. टीएम ४७ म्हणजे तुम्ही सांगता मी इथे राहतो. टीएम ३० म्हणजे घरवाला सांगतो की हा परदेशी माणूस माझ्याकडे राहायला आलाय. कायद्याचं कलम ३८, आणि मुदत फक्त २४ तास. हॉटेलात उतरलात तर हॉटेल स्वतः करतं, तुम्हाला कळत पण नाही. भाड्याच्या कॉन्डोत गेलात तर मालकाने करायचं असतं, आणि मालक कधी कधी दुसऱ्याच गावात राहतो, कधी फोन उचलत नाही, कधी सांगतो की असं काही नसतं. असतं.

कायद्यात घराचा ताबा असलेला माणूस, मग तो मालक असो की भाडेकरू, अशी व्याख्या आहे, त्यामुळे भाडेकरू स्वतः पण टीएम ३० करू शकतो. त्यासाठी मालकाकडून त्याच्या ओळखपत्राची सही केलेली कॉपी, घराच्या नोंदणीच्या पुस्तकाची कॉपी (याला थाईत ताबियन बान म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, दहा ठिकाणी लागतो) आणि भाडेकरार घ्या. ॲग्रीमेंटवर सही करताना, डिपॉझिट द्यायच्या आधीच हे मागून घ्यायचं, एकदा पैसे गेले की मालकाला घाई नसते. दंड घरवाल्याला आहे, साध्या घराला २,००० बाहतपर्यंत, पण बऱ्याच इमिग्रेशन ऑफिसांत टीएम ३० ची पावती नसेल तर तुमचं एक्स्टेन्शन किंवा ९० दिवसांचा रिपोर्टच पुढे सरकत नाही, म्हणजे दंड त्याचा आणि हेलपाटे तुमचे.

२०२० मध्ये हा नियम जरा सैल झाला, आता तुमच्याकडे री-एंट्री परमिट किंवा मल्टिपल एंट्री व्हिसा असेल आणि तुम्ही बाहेर जाऊन परत त्याच पत्त्यावर आलात तर दरवेळी नवीन टीएम ३० लागत नाही. घर बदललंत तर मात्र लागतं. आधी नवीन घराचं टीएम ३०, मग त्या पत्त्यावर ९० दिवसांचा रिपोर्ट, हाच क्रम.

आणि आई-बाबांचं जे मघाशी म्हटलं ते हे. ते तुमच्या घरी राहायला आले की तुमच्या पत्त्यावर त्यांचं पण टीएम ३० व्हायला पाहिजे. बहुतेक लोक करत नाहीत. मी करते, ऑनलाइन होतं, पाच मिनिटांचं काम आहे आणि उद्या त्यांच्यापैकी कोणाला आजारपणामुळे मुदत वाढवून घ्यायची वेळ आली तर त्या वेळी कागद शोधत फिरायला नको.

पावतीवर साल २५६९ वगैरे दिसलं तर दचकू नका, त्यातून ५४३ वजा करा.

पहिला रिपोर्ट, स्वतः जाऊन

नवीन व्हिसावरचा पहिला रिपोर्ट ऑफिसात जाऊनच करा. स्वतः जा किंवा कोणाला तरी पाठवा, दुसऱ्याने तुमच्या वतीने दिला तरी चालतो, तुमचा पासपोर्ट मात्र त्याच्याकडे द्यावा लागतो. पासपोर्ट नवीन केला असेल तर पण पहिल्यांदा प्रत्यक्ष जायचं, आधी जुन्या पासपोर्टातले शिक्के नवीनमध्ये उतरवून घ्यायचे, दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे.

कुठे जायचं हे तुम्ही राहता त्या प्रांतावर ठरतं. बँकॉकवाल्यांसाठी चेंगवत्थनाचं सरकारी संकुल, बी बिल्डिंग. पूर्वी तिथे जाणं म्हणजे अर्धा दिवस ट्रॅफिकमध्येच जायचा, आता मेट्रोची पिंक लाइन झालीय त्यामुळे स्कायट्रेनच्या सुखुमवित लाइनने वात फ्रा श्री महाथातला उतरून पिंक लाइन पकडायची आणि सरकारी संकुलाच्या स्टेशनवर उतरायचं. स्टेशनपासून बिल्डिंग जरा आत आहे, उन्हात चालायचं नसेल तर मोटरसायकल टॅक्सी. टॅक्सीवाल्याला "सून राच्चकान चेंगवत्थना" म्हणा, इंग्रजी पत्ता दाखवून फारसा उपयोग नाही. पटायाकडच्यांचं ऑफिस जोमतिएनला सोई ५ मध्ये (सोई म्हणजे गल्ली) आहे. रयोंगच्या फॅक्टऱ्यांमधल्यांना रयोंगचं, पथुम थानीत राहणाऱ्यांना पथुम थानीचं. बँकॉकच्या बाहेर राहून बँकॉकला रिपोर्ट करायला जाऊ नका, परत पाठवतील.

बरोबर काय न्यायचं: भरलेला टीएम ४७ (ऑफिसात फुकट मिळतो, साइटवरून आधी प्रिंट काढून घरी शांतपणे भरलेला बरा), पासपोर्ट, पासपोर्टाच्या फोटोच्या पानाची, व्हिसाची, शेवटच्या एंट्रीच्या शिक्क्याची आणि एक्स्टेन्शन असेल तर त्याची झेरॉक्स, आधीची ९० दिवसांची पावती असेल तर ती, टीएम ३० ची पावती. प्रत्येक झेरॉक्सवर सही करायची, निळ्या पेनाने. फोटो लागत नाही. पैसे लागत नाहीत. कोणी बाहेर उभं राहून "फास्ट करून देतो" म्हणालं तर त्याला नमस्कार करून पुढे जा.

सकाळी लवकर पोचा. बारा ते एक जेवणाची सुट्टी असते, पावणेबाराला पोचून घाम पुसत बसायचं असेल तर तुमची मर्जी. आत गेल्यावर ९० दिवसांची रांग एक्स्टेन्शनच्या रांगेपेक्षा वेगळी असते, टोकन घेतानाच "नाईंटी डे" असं स्पष्ट सांगा नाहीतर दोन तास चुकीच्या नंबरावर बसाल. हाफ पँट, बनियन टाइप टीशर्ट घालून जाऊ नका, सरकारी ऑफिस आहे, आणि थाई लोक आवाज चढवलेला अजिबात खपवून घेत नाहीत. आपल्याकडे सरकारी खिडकीवर जरा दमात बोललं की काम होतं असा एक समज असतो, तो विमानतळावरच सोडून यायचा. हसून "सवादी खा" किंवा "सवादी ख्रप" म्हटलं की समोरची बाई तुमच्या फॉर्मातली चूक स्वतः दुरुस्त करून देते, हे मी बघितलंय.

दुसऱ्या वेळेपासून, ऑनलाइन

इमिग्रेशनची साइट आहे, तिथे टीएम ४७ चा वेगळा भाग आहे. पत्त्याच्या शेवटी डॉट गो डॉट टीएच आहे ना ते बघूनच माहिती भरा, कारण सरकारीसारख्या दिसणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या साइट खूप झाल्यात. ईमेल आणि पासवर्डने अकाउंट उघडायचं, माहिती भरायची, पाठवायची, मग काही दिवसांत ईमेल येतो. मंजूर झालं असेल तर त्यात पावतीची पीडीएफ असते, ती प्रिंट करून पासपोर्टात ठेवायची.

आता आपल्या मराठी नावांची गंमत. आपल्या पासपोर्टात गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं आणि आडनाव वेगळं. टीएम ४७ मध्ये पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन रकाने दिसतात आणि आपण शाळेच्या फॉर्मसारखे भराभरा तिन्ही भरून मोकळे होतो. सिस्टिम तुमची माहिती विमानतळावर नोंदलेल्या माहितीशी जुळवते, त्यामुळे पासपोर्टात जसं छापलंय आणि देशात येताना जसं भरलं तसंच इथे भरा, एक अक्षर इकडे-तिकडे नाही. लग्नानंतर नाव बदललंय पण पासपोर्ट जुन्या नावाचा आहे, मग जुनंच नाव.

दुसरी अडचण पत्त्याची. थाई पत्ता खालून वर चढत जातो: घर नंबर, मू (गावातल्या वस्तीचा नंबर), सोई, रस्ता, मग तांबोन, अम्फो आणि चांगवात म्हणजे प्रांत. बँकॉकमध्ये तांबोनच्या जागी ख्वेंग आणि अम्फोच्या जागी खेत. कॉन्डोचं नाव हा पत्ता नव्हे, बिल्डिंगचं नाव कितीही भारी असलं तरी घर नंबर हवाच. स्वतःच्या मनाने स्पेलिंग करू नका, टीएम ३० च्या पावतीवर जे आहे ते समोर ठेवून तसंच निवडा.

रिजेक्ट झालं तर घाबरायचं नाही, पण वाट पण बघायची नाही. म्हणूनच मी म्हणते की खिडकी उघडल्या उघडल्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पाठवा, रिजेक्ट आलं तर परत पाठवायला किंवा ऑफिसात जायला दिवस उरतात. आणि "पेंडिंग" म्हणजे झालं नव्हे. नव्वदाव्या दिवसापर्यंत पेंडिंगच दिसत असेल तर सरळ कागद घेऊन ऑफिस गाठा. तारीख उलटून गेल्यावर ऑनलाइनचा काही उपयोग नाही, तेव्हा प्रत्यक्षच जावं लागतं.

पोस्टाने पण करता येतो, रजिस्टर्ड पोस्टाने, तारखेच्या किमान १५ दिवस आधी, सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं तिकीट लावलेलं पाकीट. लांबच्या गावात राहणाऱ्यांना सोयीचं असेल, मला तो प्रकार आवडत नाही, कागद कुठे पोचला ते कळायला मार्ग नसतो.

उशीर झालाच तर

स्वतःहून उशिरा गेलात तर २,००० बाहत दंड. पोलिसांनी पकडल्यावर उघड झालं तर ४,०००, आणि कायद्यात तर ५,००० पर्यंत आणि वर चुकलेल्या प्रत्येक दिवसाला २०० पर्यंतची तरतूद आहे. त्यामुळे लक्षात आलं त्याच दिवशी जा, दंड भरा, पावती घ्या, नवीन तारीख घ्या. कोणी सल्ला देईल की आता पुढच्या महिन्यात भारतात जाणारच आहेस तर तसंच राहू दे, मोजणी नव्याने सुरू होईल. अशा सल्ल्यावर चालू नका. पुढच्या महिन्यात तुमचं एक्स्टेन्शन असलं तर तिथे काउंटरवर हे निघतंच.

पण याची आणि ओव्हरस्टेची गल्लत करू नका. ९० दिवसांचा रिपोर्ट चुकला म्हणून तुम्ही बेकायदा राहणारे होत नाही. शिक्क्यावरची राहायची तारीख उलटली तर होता. त्याचा दंड दिवसाला ५०० बाहत, जास्तीत जास्त २०,०००, आणि २०१६ च्या मार्चपासून बंदी पण लागते: ९० दिवसांपेक्षा जास्त ओव्हरस्टे करून स्वतःहून बाहेर पडलात तरी १ वर्ष परत यायला बंदी, वर्षाच्या वर गेलं तर ३ वर्षं, आणि पकडले गेलात तर अगदी थोड्या दिवसांच्या ओव्हरस्टेला पण ५ वर्षं. दोन तारखांपैकी कुठल्या तारखेला जास्त घाबरायचं ते यावरून ठरवा.

घरी जाताना

भारतात जायची तिकिटं काढली की लगेच एक गोष्ट बघायची, तुमच्याकडे री-एंट्री परमिट आहे का. एक्स्टेन्शनवर राहणारा माणूस री-एंट्री परमिट न घेता देशाबाहेर गेला की त्याचं एक्स्टेन्शन तिथल्या तिथे संपतं, मग वर्षभराचं कागदपत्रांचं काम परत पहिल्यापासून. फॉर्म टीएम ८, एका वेळेचं १,००० बाहत, मल्टिपल ३,८०० बाहत. वर्षात चारदा जाणार असाल तर मल्टिपलच घ्या, हिशोब उघड आहे. सुवर्णभूमी विमानतळावर निघताना पण मिळतं, पण पोरं, बॅगा, मुंबईची पहाटेची फ्लाइट आणि त्यात ती रांग, नकोच, आधी ऑफिसातून करून घ्या.

येताना आता तो विमानातला कागदी टीएम ६ नसतो, १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड आहे, यायच्या आधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन भरायचं, फुकट. इथे पण पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी. यात पत्ता भरताना जिथे राहता तोच भरा, एजंटने हॉटेलचा टाकला असं नको. आणि विमानतळावर शिक्का बसला की काउंटर सोडायच्या आधी तो वाचा, एक्स्टेन्शनचीच तारीख दिलीय ना ते बघा, कधी कधी ऑफिसर पटकन दुसरीच तारीख मारतो आणि तिथल्या तिथे दुरुस्ती होते, घरी पोचल्यावर लक्षात आलं तर मग चेंगवत्थना.

नवीन शिक्क्याचा फोटो काढा, तो दिवस पहिला धरून फोनमधला जुना रिमाइंडर पुसून ७५ व्या दिवसाचा नवीन लावा. काही अडलंच तर इमिग्रेशनची हेल्पलाइन ११७८ आहे, आणि ऑफिसात जायचं असेल तर सोमवार सोडून जा, वीकेंडला तुंबलेली सगळी गर्दी त्या दिवशी असते.